परदेशातला पहिला दिवस आणि पाच ठिकाणांची यादी

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. पुढच्या महिन्यात आम्ही सहा जण प्रथमच एकत्र परदेशी जाणार आहोत: मी, माझे यजमान, सासूबाई, सासरे, चौदा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. विमान सकाळी अकराला निघते आणि वाटेत एकदा बदलून, एकूण बारा तासांनी, तिथल्या वेळेनुसार सकाळी सहाला पोहोचते. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा सात तास पुढे आहे. हॉटेलची खोली दुपारी तीनला मिळेल. मधला वेळ वाया जाऊ नये म्हणून यजमानांनी पहिल्याच दिवशी पाच ठिकाणे ठरवली आहेत. विमानतळावरच भाड्याची गाडी घेऊन ती ते स्वतः चालवणार आहेत, आणि सूर्यास्ताच्या वेळी एका उंच मनोऱ्यावर जाण्याची तिकिटेही काढून झाली आहेत. सासऱ्यांना इन्शुलिन घ्यावे लागते, सासूबाईंचे गुडघे दुखतात. मागच्या मोठ्या सहलीत पहिल्याच संध्याकाळी इतकी वादावादी झाली, की जेवताना कोणी कोणाशी बोलले नाही. यजमानांनी या सहलीसाठी कित्येक वर्षे पैसे साठवले आहेत, त्यामुळे त्यांच्या बेतात खोट काढायला जीव धजावत नाही. मी बोलावे का, आणि बोलले तर काय सुचवावे?
एक वाचक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण अवश्य बोलावे, आणि निघण्यापूर्वीच बोलावे. आपल्याला वाटणारी धास्ती निराधार नाही. पत्रात दिलेल्या वेळा मी घरच्या घड्याळाप्रमाणे मांडून पाहिल्या. विमान सकाळी सहाला उतरेल तेव्हा घरी रात्रीचे अकरा वाजलेले असतील. सकाळी अकराच्या विमानासाठी सगळे पहाटे पाचला उठतील असे धरले, तर उतरण्याच्या वेळी मोठ्यांना जागून अठरा तास होतील. विमानात लागलेली तासाभराची डुलकी ही काही झोप नव्हे. यादीतले पहिले ठिकाण नऊला गाठायचे म्हटले, तर त्या वेळी घरी रात्रीचे दोन वाजलेले असतील. दुपारी बाराला पहाटेचे पाच, आणि मनोऱ्यावर सूर्यास्त पाहताना दुसऱ्या दिवशीची दुपार होत आलेली असेल. म्हणजे यजमानांनी जो दिवस आखला आहे, ती आपल्या सहाही जणांच्या शरीराच्या दृष्टीने अख्खी रात्र आहे. मागच्या सहलीतल्या त्या अबोल जेवणामागेही कोणाच्या स्वभावापेक्षा थकवाच अधिक असावा असे मला वाटते, कारण झोप मोडलेली माणसे साध्या प्रश्नालाही टोचून उत्तर देतात आणि ऐकणाराही तितकाच थकलेला असल्यामुळे ते सोडून देत नाही.

म्हणून माझी सूचना अशी, की पहिला दिवस सहलीत धरूच नये, प्रवासात धरावा. त्या दिवसाची कामे तीनच: सर्वांनी सुखरूप हॉटेलवर पोहोचणे, शरीराच्या घड्याळाला नव्या वेळेकडे वळवायला सुरुवात करणे, आणि दुपारी सहाही जण मिळून कोणत्या तरी एकाच जागी निवांत जाऊन येणे. बाकीची चार ठिकाणे रद्द करावीत असे नाही, ती पुढच्या दिवसांत वाटून घ्यावीत.

सगळ्यात आधी गाडीचा प्रश्न घेते, कारण त्यात तडजोडीला जागा नाही. पहिल्या दिवशी यजमानांनी गाडी चालवू नये. सलग सतरा तास जागे असलेल्या माणसाची एकाग्रता आणि हालचालींतली चपळता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते, असे १९९७ सालापासून झालेल्या प्रयोगांत दिसून आले आहे, आणि मद्याचे हे प्रमाण अनेक देशांत वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादा आहे. आपले यजमान सुकाणूवर बसतील तेव्हा त्यांना जागून एकोणीस तास झालेले असतील, शरीराच्या हिशोबाने मध्यरात्र उलटलेली असेल, गाडी अनोळखी, पाट्या अनोळखी आणि मागच्या सीटवर चार जणांचा संसार. त्यातून त्या देशात वाहने रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालत असतील, तर वर्षानुवर्षे हातात बसलेली सवय वळणावळणावर दगा देईल. गाडी नक्कीच घ्यावी, पण दुसऱ्या दिवशी दुपारी किंवा तिसऱ्या दिवशी सकाळी. विमानतळाऐवजी शहरातल्या शाखेतून आणि बदललेल्या तारखेला गाडी मिळेल का, हे आजच विचारून घ्यावे. पहिल्या दिवशी विमानतळावरून हॉटेलपर्यंत सहा माणसे आणि सामान मावेल अशी मोठी टॅक्सी आधी ठरवून ठेवावी.

दुसरा प्रश्न खोलीचा. सकाळी सहा ते दुपारी तीन हे नऊ तास सहा माणसांनी, त्यातही दोन वृद्धांनी आणि एका लहान मुलीने, बिनखोलीचे काढणे हेच या बेतातले सर्वांत दुबळे ठिकाण आहे, आणि पाच जागांची यादीही मुळात ते भरून काढण्यासाठीच जन्माला आलेली दिसते. हॉटेलला लिहून सकाळी लवकर खोली देण्याची विनंती करता येते, परंतु ती मान्य होईलच याची खात्री नसते, कारण आदल्या रात्रीचे पाहुणे गेल्याशिवाय खोली रिकामी होत नाही. खात्रीचा मार्ग एकच, तो म्हणजे आदल्या रात्रीचे आरक्षण करणे. एका रात्रीचे भाडे 'फुकट' जाते असे यजमान म्हणतील. सर्व खोल्यांसाठी ते परवडत नसेल, तर निदान एक खोली आदल्या रात्रीपासून घ्यावी आणि तिच्यात सासूबाई, सासरे आणि मुलगी यांना आधी आडवे होऊ द्यावे. पाच ठिकाणांपैकी दोन ठिकाणांची प्रवेश तिकिटे कमी केली तरी पहिल्या सकाळची ही खोली त्या पैशांचा अधिक चांगला उपयोग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. असे आरक्षण केल्यास 'आम्ही प्रत्यक्षात सकाळी आठच्या सुमारास येत आहोत' असे हॉटेलला लेखी कळवून त्यांचे उत्तर जपून ठेवावे. तसे न कळवल्यास रात्री पाहुणे आलेच नाहीत असे समजून पुढचे संपूर्ण आरक्षण रद्द होण्याचा धोका असतो.

ही खोली मी एवढ्या आग्रहाने का सुचवते, याला आरामाखेरीज आणखी एक कारण आहे. झोप आणि जाग यांचे वेळापत्रक सांभाळणारे घड्याळ मेंदूत असते आणि ते मुख्यतः डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून वेळ जुळवून घेते. ते एका दिवसात साधारण एक तास सरकते, त्यामुळे सात तासांचा फरक भरून निघायला आठवडाभर लागणे स्वाभाविक आहे. बहुतेकांच्या या घड्याळाचा दिवस चोवीस तासांपेक्षा किंचित मोठा असतो. त्यामुळे झोपेची वेळ लांबवणे त्याला सोपे जाते आणि अलीकडे आणणे अवघड जाते, आणि म्हणूनच पूर्वेकडचा प्रवास पश्चिमेकडच्यापेक्षा अधिक जड जातो. उजेडाचा परिणाम कोणत्या दिशेने होईल, हे तो कधी मिळतो त्यावर ठरते. आपण रोज ज्या वेळी उठतो त्याच्या दोन-तीन तास आधी शरीराचे तापमान सर्वांत खाली गेलेले असते. त्या वेळेच्या आधी भरपूर उजेड मिळाला तर घड्याळ मागे ढकलले जाते, नंतर मिळाला तर पुढे. आपल्या कुटुंबाच्या बाबतीत ही वेळ घरच्या पहाटे चार-साडेचारची धरली, तर तिथल्या घड्याळात ती सकाळी अकरा-साडेअकराला येते. म्हणजे पहिल्या दिवशी सकाळी सात ते अकरा लख्ख उन्हात फिरणे आपल्याला नेमके उलट्या दिशेने नेईल. 'पोहोचल्याबरोबर उन्हात हिंडा, झोपू नका' हा सर्वत्र ऐकू येणारा सल्ला थोड्या तासांच्या फरकाला लागू पडतो. सात तास पूर्वेकडे जाऊन सकाळी सहाला उतरणाऱ्यांना तो जसाच्या तसा लागू पडत नाही.

त्यामुळे विमानतळावरून निघताना मोठ्यांनी काळा चष्मा आणि मुलांनी टोपी घालावी. आठ-साडेआठला खोलीत पोहोचावे, पडदे पूर्ण ओढून अंघोळ करावी किंवा नुसते हातपाय धुवावेत आणि साडेअकराचा गजर लावून सर्वांनी झोपावे. एकाऐवजी दोन गजर लावावेत, आणि त्यातला एक पलंगापासून दूर ठेवावा, कारण घरच्या साडेचारला वाजणारा गजर हात लांब करून बंद करणे फार सोपे असते. साडेअकराला मात्र पडदे सताड उघडावेत आणि बाराच्या सुमारास सर्वांनी बाहेर पडावे. इथून पुढचा दुपारचा उजेड आपल्या बाजूचा आहे. त्या तीन-चार तासांसाठी यादीतली अशी एकच जागा निवडावी, जिथे वेळेचे तिकीट लागत नाही, बसायला बाके आहेत, स्वच्छतागृह जवळ आहे आणि हॉटेलवर परतायला वीस मिनिटांपेक्षा अधिक लागत नाहीत: एखादी बाग, नदीकाठ, बंदर किंवा शहराचा जुना चौक. वस्तुसंग्रहालय पहिल्या दिवशी नको, कारण तिथल्या मंद उजेडात डोळे मिटतात, आणि पाहिलेले फारसे लक्षातही राहत नाही.

भूक या दिवशी विचित्र वागते. तिथल्या एक वाजता शरीर सकाळचे सहा समजते, तेव्हा दुपारच्या भरल्या ताटाकडे मुलांनी पाठ फिरवली तर रागावू नये. थोडे-थोडे आणि ओळखीचे काही द्यावे, आणि रात्रीचे जेवण साडेसहा-सातला हॉटेलच्या शेजारीच उरकावे. चारनंतर कोणालाही झोपू देऊ नये, आणि नऊला दिवे मालवावेत.

या सगळ्यात सासऱ्यांचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहायला हवा. पूर्वेकडे जाताना प्रवासाचा दिवस आखूड होतो. त्यांचा तो दिवस सात तासांनी कमी भरेल. घड्याळ बदलून नेहमीच्या वेळेला नेहमीची मात्रा घेतली, तर दोन मात्रांमधले अंतर कमी होऊन रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. निघण्याच्या दिवशी, विमानात आणि पोहोचल्यावर कोणत्या वेळी किती मात्रा घ्यायची, हे त्यांच्या डॉक्टरांकडून घरची वेळ आणि तिथली वेळ अशा दोन्ही वेळांसह कागदावर लिहून घ्यावे. त्यात अंदाज चालत नाही, आणि माझ्यासारख्या सदर लिहिणाऱ्या व्यक्तीने त्याचे आकडे सांगणेही योग्य नाही. इन्शुलिन, सुया आणि साखर मोजण्याचे यंत्र हातातल्या पिशवीतच असावे. मोठ्या बॅगेत ठेवल्यास बॅग हरवण्याची भीती असतेच, शिवाय सामानाच्या कक्षात थंडीने इन्शुलिन गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्शुलिन वापरता येत नाही. हातातल्या सामानात द्रव पदार्थांवर अनेक विमानतळांवर १०० मिलिलिटरची मर्यादा असते, तरी औषधांना त्यातून सवलत मिळते; मात्र तपासणीच्या वेळी ती स्वतःहून वेगळी काढून दाखवावी लागतात आणि डॉक्टरांचे पत्र सोबत असावे लागते. पहिल्या दुपारी नेहमीपेक्षा जास्त चालणे आणि नेहमीपेक्षा कमी खाणे एकाच वेळी घडते, म्हणून गोड काही तरी त्यांच्या स्वतःच्या खिशात द्यावे. ते आपल्या पर्समध्ये असून उपयोग नाही, कारण आपण त्याच क्षणी मुलीला घेऊन रांगेत दुसरीकडे असू शकता.

सासूबाईंसाठी विमान कंपनीकडे व्हीलचेअरची मागणी आत्ताच नोंदवावी; निदान ४८ तास आधी ती केलेली असावी लागते, आणि विमान वाटेत बदलायचे असल्यामुळे दोन्ही टप्प्यांसाठी ती नोंदली गेली आहे याची खात्री करावी. 'मी चालते की, मला काय झाले आहे' असे त्या म्हणतील. त्यांना एवढेच सांगावे, की मोठ्या विमानतळावर विमानाच्या दारापासून बाहेरच्या रस्त्यापर्यंतचे चालणे एक किलोमीटरहून अधिक भरू शकते आणि मधे उभे राहण्याच्या रांगा वेगळ्या. गुडघे जे काही देणार असतील ते त्यांनी नातवंडांबरोबर बागेत फिरण्यासाठी राखून ठेवावेत. व्हीलचेअर ढकलणारा कर्मचारी बहुधा वेगळ्या वाटेने नेतो आणि सोबत एक-दोघांनाच येऊ देतो, तेव्हा सासऱ्यांनी त्यांच्याबरोबर जायचे आणि बाकीच्यांनी सामानाच्या पट्ट्यापाशी भेटायचे, हे आधी ठरलेले असावे. दोघांचेही पासपोर्ट त्या वेळी त्यांच्या स्वतःच्या हातात हवेत. चार तासांहून लांब प्रवासात एका जागी बसून राहिल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. म्हणून विमानात दर तासाला घोटे फिरवणे, अधूनमधून उठून दोन पावले टाकणे आणि पाणी पीत राहणे दोघांनाही आवश्यक आहे. घट्ट मोजे घालावेत की नाही, हे डॉक्टरांना त्याच भेटीत विचारून घ्यावे.

विमान उतरू लागले की मुलीला जागे करावे, आणि गिळण्यासाठी काही तरी, पाण्याचे घोट का होईना, द्यावे. झोपेत गिळणे कमी होते आणि कानांच्या आतला दाब मोकळा होत नाही. सकाळी सहाला कान दुखत रडणारे मूल घेऊन इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहणे ही सुरुवात टाळता येण्याजोगी आहे. तिने विमानातून उरलेले अर्धे सफरचंद पिशवीत टाकले आहे का, तेही बाहेर पडण्यापूर्वी पाहावे. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियासारख्या देशांत बाहेरून येणाऱ्या फळांबद्दल नियम फार कडक आहेत. न्यूझीलंडमध्ये असे न सांगता आणलेले फळ सापडल्यास जागेवरच ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होऊ शकतो, आणि मुलाच्या पिशवीत होते हे कारण पुरे पडत नाही. खाण्याची वस्तू जवळ असल्याची शंका असेल, तर अर्जात 'होय' लिहून ती दाखवणे केव्हाही श्रेयस्कर.

इमिग्रेशनचा अर्ज आता पुष्कळ देशांत निघण्यापूर्वीच ऑनलाइन भरावा लागतो. सिंगापूर आणि थायलंड येथे तो पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा असतो आणि त्याला शुल्क नसते. शुल्क मागणारी संकेतस्थळे सरकारी नव्हेत. आपण जाणार आहात त्या देशाच्या बाबतीत नियम काय आहे, ते त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावे आणि सहाही जणांचे अर्ज एकाच बैठकीत भरून टाकावेत. हॉटेलचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून त्याची एकेक प्रत सहाही जणांजवळ द्यावी. अधिकारी कधी कधी मुलांनाही थेट विचारतात, 'कुठे निघालात, बरोबर कोण आहे?' अशा वेळी मुलांना उत्तर पढवण्याची गरज नाही, त्यांनी स्वतः बोलावे इतके सांगितले तरी पुरते.

सामानाबद्दल एकच महत्त्वाची गोष्ट सांगते. एकेकाचे सगळे कपडे एकेका बॅगेत भरू नयेत. प्रत्येक बॅगेत प्रत्येकाचा एक-एक जोड घालावा, म्हणजे एखादी बॅग न पोहोचल्यास कोणी एकच माणूस उघडा पडत नाही. बॅग आली नाही तर त्या दालनातून बाहेर पडण्यापूर्वीच विमान कंपनीच्या खिडकीवर लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या नुकसानभरपाईविषयीच्या १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार सामानाची मोडतोड झाल्यास ते मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि ते उशिरा मिळाल्यास हाती आल्यापासून २१ दिवसांत लेखी दावा करावा लागतो. पॉवर बँक मात्र मोठ्या बॅगेत चालत नाही; ती हातातल्या सामानातच असावी लागते.

रस्ता ओलांडण्याविषयी मुलांना विमानातच सांगून ठेवावे. जिथे वाहने आपल्या सवयीच्या उलट बाजूने चालतात, तिथे पादचारी पहिल्यांदा चुकीच्या दिशेला पाहतो आणि मोकळा दिसणारा रस्ता ओलांडायला पाऊल उचलतो. लंडनमध्ये याच कारणासाठी पदपथाच्या कडेला, पायांपाशी, कोणत्या दिशेला पाहायचे ते पांढऱ्या अक्षरांत रंगवलेले असते. जिथे असे लिहिलेले नसेल तिथे पहिले दोन दिवस मुलीचा हात एका ठरलेल्या मोठ्या माणसाच्या हातात असावा. 'कोणीतरी धरला असेल' असे प्रत्येकाला वाटले, की तो कोणाच्याच हातात नसतो. सकाळी खोलीतून निघताना तिचा त्या दिवसाच्या कपड्यांतला एक फोटो काढावा आणि आपला दूरध्वनी क्रमांक, देशाच्या क्रमांकासह, लिहिलेली चिठ्ठी तिच्या खिशात ठेवावी.

मुलाविषयी आपण पत्रात वयाखेरीज एक शब्दही लिहिलेला नाही, आणि मला त्याच्याबद्दल आवर्जून लिहावेसे वाटते. या वयात झोपेचे घड्याळ मुळातच उशिरा चालते, त्यामुळे पूर्वेकडचा प्रवास त्यालाच सर्वांत अधिक छळेल आणि पुढचे चार दिवस सकाळी तो उठणार नाही. तो आळस नव्हे. दुपारच्या त्या एका जागेपर्यंत जाण्याची आणि परत येण्याची जबाबदारी त्याच्यावर सोपवावी. नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून घेणे, बस की चालत ते ठरवणे आणि आजीला किती पायऱ्या लागतील ते आधी शोधणे, हे सगळे त्याने करावे. त्याने नेलेली वाट दहा मिनिटांनी लांब निघाली तरी मोठ्यांनी त्याच्या हातातून फोन काढून घेऊ नये.

रात्री नऊला झोपलेली मुलगी बहुधा मध्यरात्रीनंतर एक-दीडला टक्क जागी होईल, कारण घरी तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असतील. मोठा दिवा लावू नये, फोनसारखी स्क्रीन असलेली कोणतीही वस्तू हातात देऊ नये, आणि 'झोप, झोप' असे दटावू नये. पाणी द्यावे, थोडे खायला द्यावे, हळू आवाजात गोष्ट सांगावी. तासाभराने ती पुन्हा झोपते. नाहीच झोपली तर आपण आणि यजमान दोन-दोन तासांची पाळी लावून घ्यावी. झोपेच्या गोळ्या किंवा मेलाटोनिन (झोपेशी संबंधित संप्रेरक) मुलांना आपल्या मनाने देऊ नये, आणि सासूसासऱ्यांनाही त्यांच्या चालू औषधांचा विचार न करता देऊ नये. दुसरी रात्र पहिलीपेक्षा वाईट जाण्याचाही संभव असतो, कारण पहिल्या रात्री निव्वळ थकव्याने झोप लागलेली असते. म्हणून दुसऱ्या दिवशीही साडेदहा-अकराच्या आधी काहीही ठरवू नये.

आता यजमानांशी कसे बोलावे, ते पाहू. हा बेत प्रेमाने केलेला आहे, आणि इतकी वर्षे पैसे साठवणाऱ्या माणसाला एकही तास वाया जाऊ नये असे वाटणे मला पूर्ण समजते. त्यामुळे 'एवढे कशाला ठरवले' अशी सुरुवात करू नये. एका कोऱ्या कागदावर डाव्या बाजूला तिथल्या वेळा आणि उजव्या बाजूला घरच्या वेळा लिहाव्यात, मधे त्यांचीच यादी मांडावी आणि तो कागद त्यांच्यासमोर ठेवून विचारावे, की रात्री दोन वाजता आईंना आपण इथे नेऊ का? नंतर पाचपैकी पहिल्या दुपारची जागा त्यांनाच निवडू द्यावी. मनोऱ्याच्या तिकिटांची तारीख बदलून मिळते का ते विचारावे. मिळत नसेल, तर त्या संध्याकाळी ज्यांच्या अंगात त्राण असेल त्यांनी, बहुधा यजमान आणि मुलगा यांनी, जाऊन यावे आणि बाकीची तिकिटे सोडून द्यावीत. एकत्र प्रवास म्हणजे प्रत्येक ठिकाणी सहाही जणांनी हजर असणे असा अर्थ होत नाही, आणि बाप-लेकाने दोन तास मिळून घालवले, तर त्यात कुटुंबाचे काही बिघडत नाही.

आणखी एक गोष्ट त्या बोलण्यातच ठरवून घ्यावी. सासूबाई आणि सासरे 'आम्ही थकलो' असे कधीही म्हणणार नाहीत. 'तुम्ही जाऊन या, आम्ही बसतो इथेच' असे म्हणतील आणि उन्हातल्या एखाद्या कट्ट्यावर तासभर बसून राहतील. म्हणून त्यांना विचारून विश्रांती ठरवू नये, ती बेतातच असावी: चाळीस मिनिटे चालले की पंधरा मिनिटे बसायचे, कोणाला गरज असो वा नसो. आणि सहापैकी कोणीही, मुलीनेसुद्धा, 'आता परत जाऊ या' म्हटले, तर त्या दिवशी वाद न घालता परतायचे. खर्च किती झाला, पाहायचे काय राहिले, हे विषय पहिल्या दिवशी जेवताना काढायचे नाहीत, हेही आधी बोलून घ्यावे.

शेवटी आपल्याविषयी. आपल्या पत्रात पाचही जणांच्या अडचणी आहेत, आपली एकही नाही. सहा पासपोर्ट, सासऱ्यांची औषधे, मुलीचे खाणे आणि हॉटेलचे कागद हे सर्व आपल्याच पर्समध्ये असणार, असा माझा अंदाज आहे, आणि तसे असेल तर सर्वांत आधी थकणारी व्यक्ती आपणच असाल. पासपोर्ट आणि पैसे यजमानांकडे, वाटा मुलाकडे, औषधे आणि त्यांचा कागद सासऱ्यांकडे आणि मुलीची पिशवी आपल्याकडे, अशी वाटणी घरूनच करून निघावे. पहिल्या सकाळी पडदे ओढून सगळे झोपतील तेव्हा बॅगा उघडून कपडे लावत बसू नये. साडेअकरापर्यंत आपणही झोपावे. या आठवड्यात करण्याची कामे चार आहेत: गाडीची तारीख बदलणे, आदल्या रात्रीच्या खोलीची चौकशी, व्हीलचेअरची नोंद आणि सासऱ्यांच्या डॉक्टरांची भेट. त्यांतली निदान दोन यजमानांकडे सोपवावीत.